मागचं उजवं दार

पांदीची टॅक्सी मरायला तयार नव्हती.

चालायला नव्हे, मरायला! चालण्याबद्दल जो तक्रार करील त्याच्या जिभेला फोड येईल. ती पांढरी, जुनी, जर्मन डिझेल गाडी अल्बानियातल्या, सरोवराकाठच्या पोग्रादेत्सहून कोर्चाला आणि कोर्चाहून परत अशी जायची, जशी एखादी काटक म्हातारी रोज बाजाराला जाते. बर्फ असो, चिखल असो, कुरकुर नाही. भानगड पोचल्यावर व्हायची. पांदी किल्ली फिरवायचा, बाहेर काढायचा, खिशात टाकायचा, खाली उतरायचा, आणि गाडी आपली धडधड, धडधड, चालूच. मग कॉफीच्या टेबलांवरचे सगळे डोळे आपल्याकडे लागलेत हे माहीत असूनही त्याला बॉनेट उघडावं लागायचं आणि आत हात घालून एक दांडी दाबून धरावी लागायची. तेव्हा कुठे ती एक आचका देऊन गप्प व्हायची.

"पांदी, पाद्रीबाबाला बोलवू का रे?" टायरवाला लाझी ओरडायचा. "दोन मंत्र कानात पडल्याशिवाय नाही जायची ही!"

"तुझी बायको तरी कुठे गप्प होते किल्ली काढल्यावर?" पांदी म्हणायचा. पण त्याचे कान लाल व्हायचे. आपली गाडी सगळ्या गावाची करमणूक झाली आहे हे टॅक्सीवाल्याला कसं सोसेल?

दुखणं काय आहे ते सोतीर उस्ताच्या, म्हणजे सोतीर मिस्त्रीच्या, गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं. दुखतंय कुठे, ते कोणालाच सापडत नव्हतं.

या जुन्या डिझेल गाड्यांच्या दारांची कुलपं विजेवर चालत नाहीत, हवेवर चालतात. खरं म्हणजे हवा नसण्यावर. इंजिनला एक पंप असतो, तो सतत आतली हवा ओढत राहतो, आणि ती ओढ बारीक बारीक नळ्यांतून गाडीभर पोचते, चारी दारांत, डिकीत, अगदी डिझेलच्या झाकणापर्यंत. चालकाच्या दारात किल्ली फिरवली की आधी सुस्स, मग खट्! सगळी कुलपं एकदम खाली. आणि किल्ली काढल्यावर इंजिनचा गळा दाबते तीही हीच ओढ. आता कुठल्याही दारात, कुठल्याही नळीला टाचणीएवढं भोक पडलं की ती ओढ तिथूनच निसटून जाते. मग दारं लागत नाहीत आणि इंजिन मरत नाही. दुखणं दाराला, बोंब इंजिनाची.

सोतीरच्या मुलीला, अंदुएलाला, हे सगळं पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्याचं कारण सोतीरचे दात. गळती शोधायची जुनी रीत अशी की नळीचं टोक तोंडात घ्यायचं, हवा ओढायची आणि पटकन टोकावर जीभ लावायची. नळी धड असेल तर जीभ चिकटून राहते, जळू धरते तशी. गळत असेल तर हळूहळू सुटते. किती हळू सुटते त्यावरून भोक केवढं ते कळतं. सोतीरनं वरची कवळी बसवून घेतली आणि त्याच्या तोंडालाच गळती लागली. गेंत्यान, त्याचा मुलगा, डिझेलच्या वासानं ओकायचा. राहिली चिमुरडी अंदुएला. तिला बापानं एका खोक्यावर उभी केली, नळी हातात दिली आणि म्हणाला, "लाव जीभ."

तेव्हापासून तिचं आयुष्य दोन हुकमांत चाललं होतं. घरात, शाळेत, चर्चच्या पायरीवर, "पोरी, जीभ आवर." गॅरेजात, "पोरी, जीभ लाव."

आता ती बारावीला होती आणि तिला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. एक, आपल्याला हे काम येतं. थोडंफार नाही, येतं! रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ती वर्गात खिडकीपाशी बसल्या बसल्या सांगायची, याचा पंप गेलाय, याची आतली रबरी गादी फाटलीये, आणि मैत्रिणी म्हणायच्या, अंदा, तू माणूस आहेस की मेकॅनिकचं भूत? दुसरी गोष्ट, परीक्षा झाली की तिला कोर्चाला फिलोरेता मावशीच्या सलूनमध्ये केस कापायला शिकायला धाडणार होते. तिच्या आईनं, तेफ्तानं, मावशीशी बोलून टाकलं होतं. गॅरेज गेंत्यानला. सोतीरची कंबर कामातून गेली होती, आणि संत जॉर्जच्या सणाला तो गॅरेजची किल्ली पुढच्याच्या हातात देणार हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. सरोवराकाठी जुने करार मोडायचे आणि नवे जोडायचे ते त्याच दिवशी.

अंदुएलाला ती किल्ली हवी होती. बस्स, एवढंच हवं होतं. लोखंडाची, वीतभर लांब, दात झिजलेली ती किल्ली.

सणाच्या आधीच्या आठवड्यात पांदीची गाडी गॅरेजातच होती. गेंत्याननं इंजिनचा गळा दाबणारी डबी बदलली. काही नाही. स्टिअरिंगखालचा खटका बदलला. काही नाही. धडधड, धडधड.

"दाराच्या नळीत एक स्क्रू कोंब आणि सोडून दे," सोतीर वैतागून म्हणाला. "इंजिन मरेल. दारं लाव म्हणावं हातानं एकेक."

"हातानं?" पांदी उठून उभाच राहिला. "सोतीर, या गावात एका किल्लीत चारही दारं लावणारी टॅक्सी कोणाची? माझी! गिऱ्हाईक तो खट्‌ ऐकतं आणि सरळ बसतं. ते काढून घेतलंस तर मग गाढव काय वाईट?"

"दारातच आहे ते," अंदुएला म्हणाली. ती शाळेतून परस्पर आली होती, दप्तर अजून खांद्यावर. "मी कालच स्क्रू घालून पाहिलं. इंजिन लगेच मेलं. म्हणजे इंजिनकडचं सगळं धड आहे. गेंत्यान उगाच पुढे उकरतोय."

"आली पंडितीण," गेंत्यान म्हणाला. पण रागानं नाही. त्याला काही फरकच पडत नव्हता. त्याचा जीव केव्हाचा ग्रीसच्या बसमध्ये जाऊन बसला होता.

"दारं मी चारही पाहिली," सोतीर म्हणाला. "धड आहेत."

"मग परत बघायला हवीत."

"हिची जीभ बघा!" सोतीर पांदीकडे वळून हसला, आणि हसता हसता म्हणाला, "बेसा, अंदुएला, तू शोधून दाखव, गॅरेजची किल्ली तुझ्या हातात देतो."

आता, बेसा म्हणजे काय ते इथे शेंबड्या पोरालाही कळतं. बेसा म्हणजे दिलेला शब्द. माणूस हातात हात देऊन बेसा देतो तेव्हा घर जळो, पोटचं पोर जावो, ती मोडत नाही. पण हाच शब्द हीच माणसं दिवसातून शंभरदा तोंडातून सांडतात. बेसा, आज गार आहे. बेसा, मासळी ताजी नाही. बेसा, हा लाझी गाढव आहे. त्यातली कुठली खरी आणि कुठली नुसती तोंडाची वाफ, हे ओळखायला हात बघायचा असतो. अंदुएलानं हात पाहिला नाही. तिनं एवढंच पाहिलं की बाबानं तिला पूर्ण नावानं हाक मारली, आणि शेवटचे दोन शब्द बोलताना तो हसायचा थांबला होता. निदान तिला तसं वाटलं. माणसाला हवं तेच ऐकू येतं, त्याला कान कशाला लागतात?

ती लागली कामाला. शाळा सुटली की गॅरेज. चारी दारांची आतली पॅनेलं तिनं उतरवली. प्रत्येक दारात रबराची एक गादी असते, ती हवेच्या ओढीनं आत जाते आणि कुलूप पाडते. चालकाच्या दाराकडे जाणाऱ्या नळीला जीभ लावली, चिकटली. त्याच्या शेजारच्या दाराला, चिकटली. मागच्या डाव्याला, चिकटली. मागच्या उजव्याला लावली, आणि तिथेही चिकटली, अशी घट्ट की ओढून काढावी लागली. डिकी धड. झाकण धड. सगळे जण एकेकटे साधुसंत, आणि एकत्र जोडले की गळती! जिभेला जुन्या रबराची, डिझेलची, कसली कसली कडू चव बसली होती. आईनं केलेली पालकाची पाय, पालक भरून भट्टीत भाजलेली ती पापुद्र्यांची पोळी, जिच्यासाठी ती एरवी भांडायची, तीसुद्धा रबरासारखी लागत होती.

"तोंड बघ काय झालंय," आई म्हणाली. "काळे ओठ घेऊन सलूनमध्ये जाणार आहेस?"

"मी सलूनमध्ये जाणारच नाहीये," अंदुएला म्हणाली. "बाबानं बेसा दिलीये."

तेफ्तानं ताटातून डोळे वर केले आणि तिला पायचा आणखी एक तुकडा वाढला.

सणाच्या आदल्या दुपारी अंदुएला गाडीशेजारी जमिनीवर बसून रडायच्या बेतात होती. चारी दारं सताड उघडी, कोंबडीनं पंख पसरावेत तशी ती गाडी उभी. आणि एकाएकी तिच्या मनात आलं, ही अशी उघडी गाडी रस्त्यानं कधी चालते का? दारं उघडल्याशिवाय पॅनेल निघत नाही, म्हणून आपण सगळे तपासतो ती दारं उघडी ठेवून. मी तशीच, बाबा तसाच, सगळ्या गावातले उस्ता तसेच. आणि किल्ली फिरवायची वेळ येते तेव्हा दारं असतात बंद!

ती उठली. मागच्या सीटवर शिरली, खांबाजवळची नळी सोडवून टोक तोंडात घेतलं, आणि उजवं दार धाडकन लावून घेतलं. ओढ. जीभ.

सुटली.

तिनं दार उघडलं. चिकटली. लावलं. सुटली. उघडलं, चिकटली! ती आत एकटीच बसून हसायला लागली, तोंडात नळी घेऊन, वेड्यासारखी.

मागचं उजवं दार. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून दिवसभर गिऱ्हाइकं फुटपाथच्या बाजूला उतरतात ते हेच दार. बिजागरीजवळ रबराच्या बाहीतून नळी गाडीतून दारात जाते, तिथे हजारो वेळा वाकून वाकून ती चिरली होती. दार उघडलं की नळी वाकायची आणि चीर मिटायची. दार लावलं की नळी सरळ व्हायची आणि चीर तोंड उघडायची. बंद असतानाच गळणारं दार! बिचारं उघडल्यावर इतकं शहाण्यासारखं वागायचं की कोण संशय घेणार?

"सापडलं?" गेंत्यान गॅरेजच्या दारात उभा होता.

तिनं दाखवलं. चिरलेला तुकडा कापून काढला, जागी रबराच्या नळीचा नवा तुकडा बसवला. गेंत्याननं किल्ली फिरवली. इंजिन सुरू. किल्ली काढली. इंजिन गप्प. गॅरेजात इतकी शांतता पसरली की बाहेर सरोवराच्या लाटा ऐकू आल्या.

"तूच घे बाई ती किल्ली," गेंत्यान म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला. "बेसा, माझा जीव सुटेल."

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या अंगणात कोकरू भाजत होतं. सोतीर पांढऱ्या सदऱ्यात बसला होता, राकीचे, घरच्या द्राक्षांच्या दारूचे, पेले भरत. लाझी होता, शेजारपाजारचे बाप्ये होते, बायका आत सॅलड चिरत होत्या. अंदुएला तबक घेऊन मुद्दाम बाहेर रेंगाळत होती. आणि पांदी आला, गाडी घेऊन, पार अंगणाच्या मधोमध. सगळे आपोआप गप्प झाले. पांदीनं हात उंच केला, सर्कशीतल्या माणसासारखा, आणि किल्ली काढली.

मेली! जागच्या जागी.

मग तो उतरला, चालकाच्या दारात किल्ली फिरवली. सुस्स. खट्!

"अरे वा रे गेंत्यान!" लाझी ओरडला. "मेल्या, उस्ता झालास की!" पांदीनं गेंत्यानला मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले.

"मी नाही," गेंत्यान म्हणाला. "अंदानं शोधलं. खरंच. बंद दारात होतं."

क्षणभर सगळ्यांनी अंदुएलाकडे पाहिलं. मग सोतीरनं पेला उचलला. "बघा, भाऊ असावा तर असा," तो म्हणाला. "आपलं श्रेय बहिणीला देतो. असा पोरगा सगळ्यांच्या घरी येवो!" आणि सगळे हसले, पेले आपटले, आणि सोतीरनं खिशातून ती वीतभर किल्ली काढून गेंत्यानच्या हातात ठेवली. गेंत्यान ती किल्ली मेलेल्या माशासारखी धरून उभा राहिला.

तबक अंदुएलानं जमिनीवर ठेवलं. पुढे गेली.

"बाबा, तू बेसा दिली होतीस."

हा शब्द अशा सुरात कोणी चारचौघांत उच्चारला की माणसं पेला खाली ठेवतात. त्यांनी ठेवले.

सोतीरचा चेहरा उतरला. त्यानं लाझीकडे पाहिलं, पांदीकडे पाहिलं. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

"हात दिला होता का मी?" तो म्हणाला.

"नाही, पण..."

"पांदी, तू होतास. दिला होता का हात?"

पांदी घसा खाकरत म्हणाला, "हात... हात तसा दिला नव्हता, पोरी. बोलण्याच्या ओघात म्हणाला तो. बेसा, आपण सगळेच म्हणतो."

"तर मग," सोतीर म्हणाला.

तिनं आपला हात पुढे केला. काळी नखं, अंगठ्याला स्क्रूची जखम, तसाच, सगळ्यांसमोर. "मग आता दे."

किती वेळ तो हात तसा हवेत होता कोण जाणे. सोतीर त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा स्वतःचा उजवा हात गुडघ्यावर हलला. अंदुएलानं पाहिलं, नक्की हलला. मग त्यानं बाजूचं रिकामं तबक उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"जा, आईला मदत कर," तो म्हणाला. "आणि जीभ आवर."

लाझी हसला. मग बाकीचेही हसले, सुटल्यासारखे.

त्या उन्हाळ्यात गेंत्यान ग्रीसला गेला. बसमध्ये चढायच्या आधी किल्ली खिळ्यावर टांगून गेला, बापाच्या हातात द्यायची हिंमत त्याला झाली नाही. अंदुएला एकदाच म्हणाली, "तो परत येईपर्यंत मी चालवते." सोतीर शांतपणे म्हणाला, "लोक म्हणतील, सोतीरच्या घरात पुरुष उरला नाही." त्याला मुलीचा राग नव्हता, हे तिला कळत होतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. तिनं शोधलेली गळती तो मनातल्या मनात कितीदा तपासून पाहत असेल. एकदा तिनं त्याला शेजाऱ्याच्या गाडीचं दार उघडताना, लावताना, पुन्हा उघडताना, कान लावून ऐकताना पाहिलं होतं. तिच्या रीतीनं. तिला बघताच तो बाजूला झाला.

मग गॅरेज त्यानं लाझीच्या पुतण्याला दिलं. पुतण्यानं तिथे लवाझ उघडलं, गाड्या धुण्याचं दुकान. रस्त्यात आधीच तीन होती, हे चौथं. दारावरची 'सोतीर आणि मुलगा' ही पाटी उतरवून त्यानं ती पाय भरू नयेत म्हणून खाली चिखलात टाकली, आणि लोक तिच्यावरून चालायला लागले.

सप्टेंबरमध्ये पांदी तिला कोर्चाला न्यायला आला. आईनं पायचं पातेलं फडक्यात बांधून मांडीवर दिलं. अंदुएला मागच्या सीटवर बसली, उजव्या दाराशी. सोतीर कंबर धरत धरत आला, वाकला, आणि खिडकीतून त्यानं हात आत घातला.

उजवा हात. धुतलेला, स्वच्छ, गुलाबी. तिनं जन्मात त्या हाताची नखं पांढरी पाहिली नव्हती.

ती त्या हाताकडे बघत राहिली. दोन्ही हात तिनं पातेल्यावर घट्ट धरून ठेवले होते, जणू ते सांडणार होतं. शेवटी सोतीरनं हात मागे घेतला आणि टपावर दोनदा थोपटलं, गाडीला निघ म्हणून सांगतात तसं. पांदीनं चालकाच्या दाराचं बटण दाबलं. सुस्स, खट्.

वाटेत सफरचंदांच्या बागा लागल्या. पांदी गात होता. कोर्चाला मावशीच्या सलूनसमोर त्यानं गाडी उभी केली, किल्ली काढली, आणि इंजिन एका श्वासात गप्प झालं. तो मान हलवत समाधानानं हसला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "अजून तशीच. देव तुझ्या भावाच्या हाताला बरकत देवो, जिथे असेल तिथे."

"हात नव्हता तो, पांदीकाका," अंदुएला म्हणाली. "माझी जीभ होती."

पांदी आरशातून तिच्याकडे बघत खो खो हसला. "ती तर आहेच तुला! मावशीला सांगतो, सांभाळून राहा म्हणून."

तिनं मागचं उजवं दार उघडलं, पातेलं घेऊन उतरली, आणि ते लावून घेतलं. अजिबात जोर न लावता. नवा तुकडा बसवल्यावर हळू लावायचं असतं.